कोनशिलेतला आठ

आठ निखळून हातात आला तेव्हा मावशीला आधी वाटलं, साबणाचा तुकडाच आहे. तळहातावर बुळबुळीत, कोमट, काडेपेटीएवढा. मग तिने अंगठ्याने वरचा फेस पुसला. दगड होता. कोनशिलेचाच दगड, काळसर करडा, आणि त्याच्या तोंडावर आठाचा आकडा, वळणासकट जसाच्या तसा. कुठे टवका नाही, कुठे चीर नाही. टेबलाचा खण ओढावा तसा तो अख्खाच्या अख्खा बाहेर आला होता. कोनशिलेवर तारखेतला एक तेवढा राहिला होता, त्याच्यापुढे पडलेल्या दातासारखं एक चौकोनी भोक, आणि भोकाच्या पलीकडे महिना आणि साल, काहीच न झाल्यासारखे. सकाळचे सात वाजत होते. रस्त्यावरून पहिली बस रिकामीच गेली. मावशीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आठ ॲप्रनच्या खिशात टाकला, कोनशिलेवर ओलं फडकं पसरलं, फडक्यापुढे बादली आणून ठेवली आणि कुणी काही विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणाली, "काही नाही, पुसतेय."

एक्केचाळीस वर्षं ती हा दगड पुसत होती. विद्यापीठाच्या विज्ञान इमारतीत चार मजले, बासष्ट खोल्या, एक तळघर, गच्चीवर दुर्बिणीचा घुमट. झाडणाऱ्या-पुसणाऱ्या सात जणी. त्या सातही जणींना ठाऊक होतं की हवी ती खोली पुसा, पण पुढच्या पायऱ्यांच्या उजव्या अंगाला पोर्चखाली जो दगड आहे त्याला हात लावायचा नाही. तो मावशीचा. मावशीच्या बापाने कोरलेला. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी त्याच्यापुढे उभी करायची. "बघ नीट. एक रेघ वाकडी दाखव, उद्यापासून तुझ्या वाटणीचे जिने मी पुसते." बिचारी नवी बाई डोळे फाडून बघायची आणि मान हलवायची. "नाही ना दिसत? दिसणारच नाही. आमच्या घराण्यात हात चुकत नाही." हेच वाक्य घरी सुनेने ऐकलेलं होतं, दूध उतू गेलं की, मुलाने ऐकलेलं होतं, खिळा वाकडा ठोकला की, नातवंडांनी ऐकलेलं होतं, शाळेच्या वह्या दाखवताना. मुलगा एकदा वैतागून म्हणाला होता, "आई, आजोबांनी एक दगड काय कोरला, आम्हाला जन्मभर त्याच्याखाली चिणलंस." मावशीने त्याला वाढता वाढता उत्तर दिलं होतं, "चिणलं म्हणून सरळ उभा आहेस. नाहीतर कलंडला असतास कधीच."

आणि नुसता बापाने कोरलेला म्हणून नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी कारकुनाने जन्मतारीख विचारली तेव्हा एकोणीस वर्षांच्या त्या पोरीने मान ताठ करून सांगितलं होतं, "बाहेर दगडावर लिहिलीय, बघून घ्या." थट्टा नव्हती ती. आईने तिला सांगितलेलं एवढंच होतं की इमारतीचं काम चालू असताना तू झालीस, दगड बसायच्या अलीकडेपलीकडे. कारकून खरंच बाहेर गेला, चष्मा पुसून तारीख वाचून आला आणि तीच मांडली. तेव्हापासून कागदोपत्री दगड आणि बाई एका दिवसाच्या. येत्या शुक्रवारी, अठरा तारखेला, दोघांनाही साठ वर्षं पुरी होत होती. इमारतीचे साहेब, म्हणजे चाव्या, दिवे, नळ आणि झाडू ज्यांच्या ताब्यात ते, या योगायोगावर एवढे खूश होते की त्यांनी समारंभच तसा आखला होता. मोठी मोठी माणसं येणार, कोनशिलेजवळ उभी राहणार, मावशी कोनशिलेला हात लावून उभी राहणार, फोटो निघणार, आणि महिनाअखेर मावशी निवृत्त होणार. "दगड तेवढा चकाचक करा बरं," साहेब म्हणाले होते. "दगडाचं मी बघते," मावशी म्हणाली होती, "तुम्ही भाषण तेवढं आखूड करा." आणि म्हणूनच, जे एक्केचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते तिने या आठवड्यात केलं. एरवी बापाच्या दगडाला गार पाणी आणि मऊ ब्रश. या खेपेला कढत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. रविवारी घासला, सोमवारी घासला, आणि मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा घासायला बसली.

आत शिरली तरी खिशातला हात निघेना. बोटं आपसूक आठाच्या वळणावरून फिरत होती. तुकड्याच्या कडा गुळगुळीत होत्या, मुद्दाम घासलेल्या. म्हणजे हा मुळातच वेगळा होता. बसवलेला होता. थिगळ होतं. शब्द डोक्यात आला आणि तिने स्वतःलाच मनातल्या मनात फटकारलं, जसं तोंडाळ पोराला फटकारावं. पण तो जाईना. थिगळ. जिथे फाटतं तिथे थिगळ लागतं. बापाचा हात तिथे, तारखेच्या नेमक्या दुसऱ्या आकड्यावर, फाटला होता. आणि ती साठ वर्षांची बाई, जिने सुनेची चाळीस प्रकारची कामं उसवून पुन्हा करायला लावली, एका थिगळापुढे सात जणींना उभं करून सांगत आली होती की दाखव वाकडी रेघ.

जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत ती थांबली. रोजच थांबायची. चौथ्या मजल्याच्या छतापासून एक लांबच लांब तार खाली सोडलेली होती आणि तिच्या टोकाला पितळेचा गोळा, कलिंगडाएवढा, कुणी ढकलत नसताना दिवसभर इकडून तिकडे जायचा. खाली गोलाकार लाकडी खुंट्या मांडलेल्या. दर थोड्या वेळाने गोळा पुढची एक खुंटी पाडायचा. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या सरांनी तिला समजावलं होतं की गोळा आपली वाट बदलत नाही, त्याच्याखालची जमीन फिरते, इमारतीला घेऊन, रस्त्याला घेऊन. "सकाळी सकाळी थट्टा नको," ती त्यांना म्हणाली होती. पण त्या दिवसापासून रोज, झाडू भिंतीला टेकवून, ती मिनिटभर कठडा धरून उभी राहायची. कठडा धरून, कारण एकदा कळल्यावर पायाखाली खरंच काहीतरी जातंय असं वाटायचं. फार हळू, बोटीसारखं. बाकी जगात तिला कुणापुढे मान तुकवायची सवय नव्हती, या गोळ्यापुढे मात्र तिचं तोंड बंद व्हायचं. आज गोळा आला, गेला. टक. एक खुंटी पडली. त्या आवाजाबरोबर आईचा आवाज आला.

आई याच जागेवर घमेली वाहायची. तेव्हा इथे नुसता खड्डा होता, आणि खड्ड्याच्या काठाला पत्र्याची शेड, तिच्यात बाप दगड कोरत बसलेला. ही गोष्ट आईने तिला शंभरदा सांगितली होती, दर वेळी तेच शब्द, तीच कुरकुर. "पोटात दुखायला लागलं तशी बायांनी मला शेडच्या मागे नेलं. मध्ये एक पत्रा. पत्र्याच्या पलीकडे तुझ्या बापाची टकटक. साहेब लोकांनी कागदावर तारीख लिहून दिली होती, ती कोरत होता. तू झालीस. रडलीस. टकटक थांबली. मी म्हटलं, आता येईल. तेवढ्यात मला सुचलं, पुढे कुणी विचारलं तर सांगायला हवं, म्हणून मी मुकादमाला ओरडून विचारलं, आज तारीख काय हो? त्यानेही तिकडून ओरडून सांगितली. आणि मग टकटक परत सुरू झाली. आला नाही." "मग तारीख काय होती?" लहानपणी ती विचारायची. "संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेली बघ. त्या दिवशी माझं डोकं का ठिकाणावर होतं?" "आणि बाबा कधी आला?" "दोन रात्री शेडमध्येच होता. तिसऱ्या दिवशी आला. हात धुतले आणि आडवा झाला." "मला बघितलं नाही?" यावर आई नेहमी एकच म्हणायची. "त्याला दगड बघायचा होता."

हे वाक्य मावशीच्या आत जाऊन बसलं होतं, चपलेत खडा बसावा तसं. काढायला वाकलं तर लोक बघतील म्हणून तसंच चालत राहावं. पोरगी झाली म्हणून आला नाही, असं आईने कधी म्हटलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. त्याऐवजी ती बापाच्या बाजूने उभी राहिली. ज्या माणसाला आपल्यापेक्षा दगड मोठा वाटला त्याचा दगड तरी तसा असला पाहिजे. बिनचूक असला पाहिजे. चूक असलेल्या दगडासाठी कुणी आपल्याला बघायला आलं नसेल, तर मग काय उरलं? हा हिशेब तिने शब्दांत कधी मांडला नव्हता. आज खिशातल्या चौकोनी तुकड्याने तो मांडून दाखवला, आणि तिला कठड्याला दोन्ही हातांनी धरावं लागलं.

बाप बोलायचा कमी आणि खोकायचा जास्त. दगडाची धूळ छातीत जाऊन बसली होती; ती चौदा वर्षांची असताना त्याच धुळीने त्याला नेलं. सुट्टीच्या दिवशी, इमारतीत कुणी नसताना, तो तिला इथे घेऊन यायचा आणि आकडे शिकवायचा. पाटी नाही, पेन्सिल नाही. तिचं बोट धरून कोरलेल्या आकड्यांच्या खाचेतून फिरवायचं. गार, खोल, आत थोडीशी खरबरीत खाच. एक असा. नऊ असा. दगडावर पाच नव्हता, म्हणून पाच ती पुढे शाळेत शिकली, आणि त्यानंतर लवकरच शाळाही सुटली. आठावर बोट आलं की बाप जरा थांबायचा. "हा माझा सगळ्यात चांगला," असं म्हणायचा. तिने निरखून पाहिलं होतं. इतरांसारखाच होता. "का चांगला?" "ते तुला कळलं, तर मग कसला चांगला?" म्हणायचा आणि खोकत खोकत हसायचा. सगळ्या आयुष्यात त्याने मारलेली ही एकच बढाई. बाकीच्या सगळ्या बढाया त्याच्या वतीने तिने मारल्या होत्या.

"मावशी!" साहेब पोर्चमधून हाक मारत होते. ती बाहेर आली तर ते फडक्याकडे बोट दाखवत उभे. "हे काय?"

"वाळतंय."

"दगडावर?"

"मग काय तुमच्या खुर्चीवर वाळत घालू?"

साहेब हसले. चाळीस वर्षांत इमारतीने असे सहा साहेब पाहिले होते आणि सहाही जणांना तिने असंच हसवून वाटेला लावलं होतं. पण हे गेले नाहीत. "काढा ते. फोटोवाला अकराला येतोय. शुक्रवारी ऊन कुठून पडतं, दगड कसा दिसतो, सगळं आज बघून जाणार आहे. निमंत्रणावर छापायचाय हा फोटो. तुमच्या वडिलांचं काम आता गावभर जाणार, मावशी!"

"अकराला?"

"ठीक अकराला."

ते आत गेले. अकरा वाजता भोकाचा फोटो निघेल आणि गावभर जाईल. नळवाल्याकडून चमचाभर सिमेंट आणावं, थापावं, वर आठ चिकटवावा, हे तिच्या मनात आलं आणि लगेच तिने ते झटकून टाकलं. बापाच्या दगडात नळवाल्याचं सिमेंट. त्यापेक्षा भोक बरं. मग कुणाला तरी दाखवायला हवं होतं. दाखवायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. बासष्ट खोल्यांत मिळून शंभरावर शिकलेली माणसं होती. त्यांतल्या एका माणसापुढे हे म्हणता येईल असं तिला वाटलं, कारण त्या बाई आपला चहाचा कप स्वतः विसळून ठेवायच्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या प्राध्यापक बाईंना मावशी दगडवाल्या मॅडम म्हणायची, समोरसुद्धा. त्यांच्या खोलीत कपाटभर दगड होते आणि खिडकीजवळ एक सूक्ष्मदर्शक. चार वर्षांमागे एकदा त्यांनी मावशीला हातातला झाडू ठेवायला लावून त्यात बघायला लावलं होतं. काचपट्टीवर दगडाचा एक काप होता, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जाईल. नुसत्या डोळ्यांना तो मळक्या काचेसारखा दिसत होता. मॅडमनी आणखी दोन काचा सरकवल्या आणि म्हणाल्या, आता बघा. मावशीने बघितलं. निळा होता, जांभळा होता, पेटत्या कोळशासारखा नारिंगी होता. तुकडे तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले, आणि मॅडमनी पट्टी फिरवली तसा एकेक तुकडा विझत गेला, दुसरा पेटत गेला. "हा कुठला दगड?" तिने विचारलं. "तुमच्याच पायऱ्यांचा," मॅडम म्हणाल्या. त्या संध्याकाळी मावशी घरी गेली ती जेवण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. सुनेने घाबरून मुलाला कामावरून फोन करून बोलावून घेतलं होतं.

आज मॅडमच्या टेबलावर तिने खिशातला तुकडा ठेवला. "हा निघाला."

मॅडमनी तो उचलला, बघितला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "हा कोनशिलेतला?"

"पाणी जरा कोमट होतं."

"मावशी."

"बरं, गरम होतं."

"नुसतं गरम?"

"सोडा होता. मूठभर."

"कुणाची मूठ?"

"माझीच! आणखी कुणाची असणार? चुकलं माझं. झालं समाधान?" आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. हे दोन शब्द तिने शेवटचे कधी उच्चारले होते, आठवेना. बहुधा कधीच नाही.

मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तुकडा उलटा करून दिव्याखाली धरला होता. मागच्या बाजूला तपकिरी, कागदाएवढा पातळ थर होता, सोड्याने मऊ पडलेला. "लाख आहे," त्या म्हणाल्या. "लाखेला कढत सोडा चालत नाही, बाकी काहीही चालतं. साठ वर्षं टिकली बघा." मग त्यांनी तुकडा सरळ केला, भिंगाखाली धरला, आणि कडेकडेने फिरवत राहिल्या. मावशीला धीर धरवेना. "थिगळ आहे ना?" ती शेवटी म्हणाली. "स्पष्ट सांगा. मला लाडीगोडी नको."

"थिगळ?" मॅडमनी मान वर केली. "मावशी, या दगडात एक पांढरी शीर आहे ना, कोपऱ्यातून तिरकी जाणारी? ती या आठाच्या पोटातून जाते. मी दर वर्षी मुलांना खाली नेते आणि त्या शिरेवर बोट ठेवून सांगते, बघा, ही कशी अखंड गेलीय. बारा वर्षं सांगतेय. आणि बोट ठेवते ते इथे. या तुकड्यावर." त्यांनी ते बोट दाखवलं. "शीर दगडात कधी सरळ जात नाही. तिच्यासारखी दुसरी मिळत नाही. ज्याने हे केलं त्याने याच लादीच्या कापून टाकलेल्या तुकड्यांच्या ढिगात बसून, एकेक तुकडा फिरवून, शिरेला शीर जुळणारा एवढासा टवका शोधलाय. मग तो असा घासलाय की सांध्यात केस जाणार नाही. माझं कामच दगड बघायचं आहे. मला कळलं नाही."

"ते तुला कळलं, तर मग कसला चांगला," मावशीच्या तोंडातून निघालं.

"काय म्हणालात?"

"मी नाही. तो म्हणायचा."

दोघी खाली आल्या तेव्हा पोर्चमध्ये तिरपं ऊन शिरलं होतं. मावशीने फडकं काढलं. मॅडम गुडघ्यांवर बसल्या, बॅटरी भोकाच्या कडेला आडवी धरली आणि आत बघू लागल्या. "खालचा तळ पूर्ण सपाट केलेला नाही," त्या म्हणाल्या. "आधीच्या आकड्याच्या खाचेचा तळ तसाच ठेवलाय, लाखेला पकड मिळावी म्हणून. म्हणजे आधी काय कोरलं होतं तेही दिसतंय." त्यांनी बॅटरी थोडी वर घेतली, थोडी खाली घेतली. सावली हलली आणि करड्या दगडात एक बारीक रेघ उभी राहिली, वळली, पोट काढून आत गेली. "पाच," मॅडम म्हणाल्या. "पंधरा तारीख. पण समारंभ तर अठरालाच झाला होता, सगळ्या नोंदींत अठराच आहे. कागदावरही अठराच लिहून दिली असणार त्यांना. मग पंधरा कशी कोरली? मुद्दाम कुणी असं..."

पुढचं मावशीला ऐकू आलं नाही. ती पायरीवर बसली. कानात टकटक होती. पत्र्याच्या पलीकडची, दहा हातांवरची. पोर रडलं आणि ती थांबली. आई ओरडली, आज तारीख काय हो? मुकादम ओरडला, पंधरा! आणि पत्र्याच्या पलीकडे, समोर कागद, कागदावर अठरा, एक कोरून झालेला, हातात छिन्नी घेऊन बसलेल्या माणसाने हातोडी उचलली. कागद बघितला नाही. त्या क्षणी त्याला कागद दिसत नव्हता. जो हात कधी चुकला नाही तो हात सरळ गेला आणि जे कानात होतं ते कोरून मोकळा झाला. आईच्या डोक्यातून ते संध्याकाळपर्यंत गेलं; त्याच्या डोक्यात ते राहिलंच नव्हतं, ते थेट हातात उतरलं होतं, हातातून लोखंडात, लोखंडातून दगडात, नखाएवढं खोल. आणि मग त्याने पाहिलं असेल, आपण काय केलं ते. तीन दिवसांवर समारंभ. दुसरी लादी नाही. उठून पत्र्याच्या मागे जायला दहा पावलं, आणि दगड सावरायला दोनच रात्री. तो आला नाही हे खरंच. पण तो जे लपवत बसला होता ते, ती होती.

तिने खूप मोठ्या गोष्टी या इमारतीत ऐकल्या होत्या, केर काढता काढता, दारांच्या फटींतून. की ताऱ्याचा उजेड निघतो तेव्हाचा आपल्याला आज दिसतो. की भिंतींतून, माणसांतून, सगळ्यांतून काहीबाही आरपार जात असतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिने मान डोलवली होती आणि झाडू पुढे नेला होता, कारण ताऱ्यांशी आपला काय संबंध. आता तिला वाटलं, संबंध असतो तो असाच असतो. एक्केचाळीस वर्षं तिचा हात या आकड्यावरून रोज गेला होता. खाली, लाखेच्या कागदाएवढ्या पदराखाली, तिचा दिवस होता. लहानपणी बापाने तिचं बोट आठाच्या खाचेतून फिरवलं तेव्हाही तो तिथेच होता, बोटाच्या टोकापासून नखभर अंतरावर, आणि बापाला ते ठाऊक होतं, आणि तो हसला होता. मागे इमारतीत गोळा हलत असेल, जमीन बोटीसारखी सरकत असेल. तिला कठडा धरावासा वाटला नाही. शुक्रवारी अठरा. तिने बोटांवर मागे मोजलं. गुरुवार, बुधवार, मंगळवार. आजच. मग पुन्हा मोजलं, कारण आकड्यांवर तिचा भरवसा होता तरी स्वतःवर या घटकेला नव्हता.

"मावशी, काय झालं? पाणी आणू?"

तिने सांगितलं. पत्रा, टकटक, मुकादम, दोन रात्री. आईच्याच शब्दांत, पण पहिल्यांदाच आईची कुरकुर गाळून. मॅडमनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"हे असंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी साहेबांशी बोलते. शुक्रवारी सगळ्यांना दाखवू. याच्याएवढी मोठी गोष्ट या इमारतीत दुसरी नाही."

"नको."

"पण तुमची तारीख आहे ती! साठ वर्षांनी सापडलीय."

"मला सापडलीय ना? मग झालं." मावशी उठून उभी राहिली आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "माझ्या बापाने दोन रात्री जागून जे झाकलं ते मी फोटोवाल्यासाठी उघडं ठेवू? लाख आहे का तुमच्याकडे?"

"आहे. नमुने चिकटवायला लागते."

"मग वितळवून आणा. आणि कप तुम्ही विसळता तशीच भांडी स्वच्छ आणा."

मॅडम गेल्या. मावशीने कोरड्या फडक्याने भोक टिपलं, सोड्याचा ओलसरपणा पुरता जाईपर्यंत. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग तिने उजव्या हाताचं पहिलं बोट आत घातलं. साठ वर्षांचं, पाण्याने भेगाळलेलं, जाड झालेलं बोट. खाच अगदीच उथळ उरली होती, तरी लागली. वरून खाली, मग वळण, मग पोट. दगड आतून गार होता, गरम पाण्याने वर कितीही घासलं तरी गार. पाच असा. ती एकदा फिरवून थांबली, मग पुन्हा फिरवलं, आणि मॅडमची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत फिरवतच राहिली.

लाख घातली तेव्हा खाच भरून गेली. तुकडा मावशीने स्वतः बसवला. शीर शिरेला लागली, कड कडेला लागली, आणि जिथे सांधा होता तिथे मॅडमनाही भिंगाशिवाय काही दाखवता येईना. "पाऊण तास दाबून धरायला लागेल," त्या म्हणाल्या. "मी धरू का थोडा वेळ?" मावशीने नुसतं बघितलं. मॅडम वर्गावर निघून गेल्या.

अकराला दहा कमी असताना साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. मावशी कोनशिलेशेजारी पायरीवर बसलेली, तळहात दगडावर घट्ट.

"हे काय मावशी? शुक्रवारी उभं राहायचंय असं. आजपासून सराव?"

"दगड जरा तापलाय. निवू द्या."

"अहो पण यांना अकराची वेळ दिलीय!"

"साडेअकराला काय सूर्य मावळतो? चहा पाजा त्यांना. तुमच्या खोलीत साखर संपलीय, माझ्या कपाटातली घ्या. किल्ली दाराच्या चौकटीवर आहे, जी तुम्हाला ठाऊक नाही असं मला वाटतं असं तुम्हाला वाटतं."

फोटोवाला हसला आणि साहेबांना हसावं लागलं. दोघे आत गेले. वर्ग सुटला होता. मुलं धाडधाड पायऱ्या उतरत होती, तिला वळसा घालून जात होती. मावशीच्या मनगटात कळ निघायला लागली, मग खांद्यात. तिने हात बदलला नाही. दाब सारखा राहायला हवा होता. तळहाताखाली आठ होता, आठाखाली लाख, लाखेखाली ते, आणि ते आता पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नव्हतं, निदान तिच्या हयातीत नाही. तिला वाटलं होतं वाईट वाटेल. पण छातीत जे भरून आलं होतं त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. त्या काचपट्टीत बघितल्यावर आलं होतं तसं काहीसं.

शेवटी शेवटी उतरणारी एक मुलगी तिच्याजवळ थांबली. पहिल्या वर्षाची असावी, खांद्यावरची पिशवी तिच्याहून मोठी. "मावशी, काय करताय?"

"वाढदिवस," मावशी म्हणाली.

मुलीला वाटलं थट्टा आहे. मग मावशीचा चेहरा बघून तिने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली.